दोन किलोचं माप

सरकारी योजना बरी चालली आहे की वाईट, हे ठरवायचं काम मी अकरा वर्षं केलं. ऐकायला भारी वाटतं. माझ्या आईला तर मी कुणीतरी मोठी अधिकारीण आहे असंच वाटायचं, आणि मीही तिचा गैरसमज कधी दूर केला नाही. प्रत्यक्षात मी एका खासगी संस्थेत कंत्राटी नोकर होते. सरकारनं संस्थेला काम द्यायचं, संस्थेनं आम्हाला फॉर्मचे गठ्ठे द्यायचे आणि आम्ही एस.टी.त बसून गावं पालथी घालायची. कार्यालय सोलापुरात, नवी पेठेत, एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर. उन्हाळ्यात वरचा पत्रा असा तापायचा की फॉर्मवर घामाचे थेंब पडून शाई फुटायची.

शाई फुटायची म्हणून नव्हे, पण आमच्यात एक पद्धत होती. गावात फॉर्म पेन्सिलनं भरायचा. संध्याकाळी नीट तपासून, बेरजा जुळवून त्यावर पेन फिरवायचं आणि मग खोडरबरानं पेन्सिल पुसायची. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. पेन्सिल म्हणजे आपण पाहिलेलं, पेन म्हणजे सरकारला दिलेलं, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. त्यात काही भयंकर आहे हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली.

मी सांगते त्या वर्षी काम पुन्हा अंगणवाड्यांचं होतं. कमी वजनाची मुलं शोधायची, त्यांना रोजच्या खिचडीशिवाय जादा आहार द्यायचा आणि त्यांना वर आणायचं, अशी योजना. अंगणवाडीत प्रत्येक मुलाचा एक तक्ता असतो. त्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे. वयाच्या मानानं वजन लाल पट्ट्यात पडलं, तर त्या मुलाला जादा आहार: अंडं, शेंगदाण्याचा लाडू, दिवसातून दोनदा अधिकचं खाणं. लाल नसेल तर नाही. म्हणजे त्या योजनेत लाल रंगाला फार महत्त्व होतं. लाल रंगातच जेवण होतं.

माढ्याच्या पुढं एक गाव आहे. तिथं मी भर दुपारी पोचले, तेव्हा अंगणवाडीच्या सेविकाबाई दारातच उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या, कपाळावर गोंदण, पदर कमरेला खोचलेला. आम्ही येणार हे गावाला आधीच कळलेलं असतं. त्यामुळे सहसा सडा, रांगोळी, नवी चटई आणि मुलांच्या अंगात धुतलेले कपडे असा थाट असतो. इथं काहीच नव्हतं. मुलं नाक पुसत बसली होती आणि बाई चक्क वैतागलेल्या होत्या.

"आज वजन बगायचं म्हनता, तर सकाळी यायचं की मॅडम. खिचडी खाल्ल्यावर पोरांचं वजन घेऊन काय कळनार? उद्या या."

मला राग आला. दोन एस.टी. बदलून, डोकं तापवून आलेल्या माणसाला उद्या या म्हणतात? पण बाईंचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसावर राग आला की मला तो गिळावा लागतो. मी माढ्यात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर झाले.

तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही. मदतनीस बाईला किराणा दुकानात पाठवलं आणि दोन किलोचं लोखंडी माप आणवलं. छताच्या हुकाला स्प्रिंगचा काटा टांगला होता, त्याला खाली झोळी. त्या झोळीत त्यांनी ते माप ठेवलं आणि सुई दोनवर येऊन थांबेपर्यंत कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"काटा कदी कदी खोटं बोलतो," त्या म्हणाल्या. "दुकानदाराचं माप बोलत न्हाई. त्याच्यावर शिक्का हाय."

मग एकेका पोराचे कपडे उतरवायचे, कमरेचा करगोटा, हातातली कडी काढायची आणि मग झोळीत घालायचं. अकरा वर्षांत शेकडो अंगणवाड्या पाहिल्या, पण असं वजन घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. शेजारच्याच गावात मी स्वेटर, टोपी आणि पैंजणांसकट पोरं काट्याला लटकलेली पाहून आले होते. तिथल्या तक्त्यावर एकही लाल ठिपका नव्हता.

या बाईंच्या अंगणवाडीत सहा लाल निघाले. त्यातली एक पोरगी माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. नुकतीच तीन वर्षांची झालेली, केस भुरे, डोळे मोठाले. झोळीत बसवली की बाकीची पोरं बोंब मारायची; ही मात्र दोन्ही दोऱ्या धरून झोपाळ्यावर बसल्यागत मजेत झुलत राहिली. आठ किलो नऊशे. आई लोकांच्या द्राक्षबागेत कामाला जायची, बाप पुण्याला कुठंतरी बांधकामावर. बाईंनी तिला उतरवून लगेच हातात शेंगदाण्याचा लाडू दिला. ती तो कुरतडत माझ्याकडं बघत होती आणि मी तिचा फोटो काढला.

दुपारी बाईंनी मला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही असं जेवायला वाढलं. मी खूश होते. मनापासून खूश. इतक्या वर्षांनी कुणीतरी काम नीट करताना सापडलं होतं. फॉर्मच्या शेवटच्या पानावर 'शेरा' म्हणून एक रकाना असतो, चार ओळींचा. मी त्यात समास भरून, पान उलटून पाठीमागं लिहिलं: इथं लाल मुलं जास्त आहेत कारण वजन खरं घेतलं जातं, ही सेविका जिल्ह्यात आदर्श म्हणून दाखवावी. अक्षर काढून लिहिलं. त्यावर पेन फिरवताना मला शाळेत निबंधाला बक्षीस मिळायचं तसं वाटत होतं.

शेरा कुणी वाचत नाही. तो संगणकात भरायला जागाच नसते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण स्वतःचा शेरा वाचला जाईल असं प्रत्येकाला वाटतं, तसं मलाही वाटलं.

पंधरा दिवसांनी आमच्या सरांनी टेबलाशी बोलावलं. सर माणूस वाईट नव्हते. त्यांच्या पडद्यावर गावांची यादी होती आणि ते एका ओळीवर बोट ठेवून होते.

"हे एक गाव फार बाहेर जातंय बघा. सगळीकडं शून्य, एक, आणि हितं एकदम सहा. काटा बिघडला असेल. काढून टाकू का यादीतून?"

आता विचार करा. मी 'हो' म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. काढून टाकलेल्या गावाला कुणी विचारत नाही. पण आकडा खरा होता, आणि तो माझा होता. मी ताडकन म्हणाले, "अजिबात नाही सर. दोन किलोचं माप ठेवून काटा तपासलाय मी. या यादीत एकच आकडा खरा असेल तर तो हाच आहे."

"बघा हं," सर म्हणाले आणि त्यांनी तो ठेवला.

मी घरी जाऊन आईला हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. तिलाही आपली लेक खमकी आहे याचा अभिमान वाटला.

अंगणवाडीला गुण कसे द्यायचे ते वरून ठरून आलेलं होतं. लाल मुलं कमी तितके गुण जास्त. जी योजना लाल पोरं शोधून काढायला आखली, तिच्या मूल्यमापनात ती सापडली की गुण कापले जाणार. हे कुणा दुष्ट माणसानं मुद्दाम केलं असतं तर त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तसं नव्हतं. चार शहाणी माणसं थंडगार खोलीत बसली असतील, योजनेचा हेतू काय, तर कुपोषण कमी करणं, मग कमी दिसेल त्याला जास्त गुण, असं त्यांनी सरळ मनानं ठरवलं असेल. मीही तो गुणांचा तक्ता आधी वाचला होता. वाचताना मलाही त्यात काही खटकलं नव्हतं. तेव्हा कुणाला नावं ठेवायची?

सव्वा वर्षानं दुसरी फेरी आली. पहिल्या मूल्यमापनानंतर सुधारणा किती झाली, ते बघायचं. त्या गावाचं काम मी स्वतः मागून घेतलं. बाईंसाठी नवी पेठेतून एक साधी सुती साडी घेतली. आपल्या शेऱ्यामुळं त्यांचं काही भलं झालं असेल, कदाचित सत्कारबित्कार, असलं काहीबाही एस.टी.च्या खिडकीशी बसून मी मनात रंगवत होते. हे आज लिहिताना लाज वाटते, पण रंगवत होते.

अंगणवाडी ओळखू येईना. भिंतीवर फळांची चित्रं, नवी चटई, दारात रांगोळी. माझ्या खांद्यावर सोलापुरी टॉवेल घालून, नारळ देऊन माझं स्वागत झालं. बाई हसल्या, पण डोळे माझ्यावर ठरत नव्हते. तक्त्यांची वही त्यांनी स्वतःहून पुढं केली. सगळी पानं हिरवी. दोन पिवळे ठिपके, लाल एकही नाही.

मी त्या पोरीचं पान काढलं. बारा किलो सातशे. हिरव्या पट्ट्यात, अगदी कडेला.

"अरे वा," मी म्हणाले. "कुठंय ती?"

ती भिंतीला टेकून बसली होती. बाकीची पोरं उड्या मारत होती आणि ही बसली होती. मी तिला उचललं. इतकी वर्षं पोरं उचललेल्या हाताला कळतं. तरी मनाची समजूत घालत मी म्हणाले, "चला, वजन करू. ते तुमचं दोन किलोचं माप मागवा की."

बाईंचा चेहरा उतरला. "दुकानदारानं इलेक्ट्रिकचा काटा आनला. मापं गेली आता."

मी बाहेर पडले. दुकान समोरच होतं. दुकानदाराकडं खरंच नवा काटा होता आणि जुनं माप रद्दीच्या कागदांवर दाब म्हणून ठेवलेलं होतं. ते मी उचलून आणलं आणि झोळीत ठेवलं. सुई चारवर थांबली.

रिकाम्या काट्याकडं मी आधीच बघायला हवं होतं. कुणी बघत नाही. काट्याच्या डोक्यावर एक स्क्रू असतो, तो फिरवला की सुई शून्याच्या पुढंच सरकून बसते. मग पोर कुणाच्याही देखत झोळीत घाला, दोन किलो जादा भरतातच.

बाईंनी मदतनीस बाईला पोरं घेऊन बाहेर अंगणात पाठवलं. दार लोटलं. मला वाटलं, रडतील. त्या रडल्या नाहीत, चिडल्या.

"बगताय काय अशा? तुमीच शिकवलं की. खरं वजन तुमी लिहून न्हेलं. तालुक्याच्या बैठकीत साऱ्या बायांपुढं मला उभी केली. सहा लाल कशी, खायला घालत न्हाईस का पोरांस्नी, म्हनून इचारलं. शेजारच्या गावच्या बाईला गुलाबाचं फूल दिलं. मला नोटीस. पुढल्या खेपेला लाल दिसली तर घरी बस, म्हनले."

"मी शेऱ्यात लिहिलं होतं हो तुमच्याबद्दल," मी म्हणाले. माझाच आवाज मला कसानुसा वाटला.

"कुटं लिहिलं व्हतं?"

मी हातातल्या फॉर्मचं शेवटचं पान उलटून दाखवलं.

"गुलाब मिळालेल्या बाईनंच दाखवलं मला, स्क्रू कुटं असतो ते," त्या म्हणाल्या. मग जरा शांत झाल्या. "ताई, मला घरात दुसरं कमावनारं कोन न्हाई. पन त्ये सोडा. मी गेले तर दुसरी येईल, ती पयल्या दिवसापासनं हिरवं लिहील आनि घरला जाईल. मी निदान घरनं शेंगदानं आनते. कुटून, गूळ घालून ह्या पोरीला देते. जादा आहार बंद झाला न्हवं? लाल न्हाई म्हंजी आहार न्हाई. मी देऊन देऊन किती देनार? सहा हायेत तसली."

मी पोरीला आत आणलं आणि स्क्रू फिरवून सुई शून्यावर घेतली. मापानं तपासलं. मग तिचे कपडे उतरवून तिला झोळीत घातलं. या खेपेला ती झुलली नाही. दहा किलो सातशे. मी फॉर्मवर पेन्सिलनं लिहिलं: १०.७.

बाई माझ्या हाताकडं बघत होत्या. "लिहा," त्या म्हणाल्या. "तुमाला खोटं लिहा म्हननारी मी कोन? पन लिहिलं तर पोरीला अंडं मिळंल का माझी नोकरी जाईल, त्ये आदी सांगा."

याचं उत्तर मला माहीत होतं. म्हणूनच मी दिलं नाही. साडी पिशवीतून काढून चटईवर ठेवली आणि निघाले. निघताना बाईंनी स्क्रू परत फिरवला की नाही ते मी बघितलं नाही.

माढ्याच्या स्टँडवर सोलापूरची गाडी लागायला तास होता. बाकावर बसून मी फॉर्म काढला. बाकीच्या पोरांची वजनं मी वहीतूनच उतरवली होती; त्यांच्यावर आणि गावातल्या इतर सगळ्या उत्तरांवर पेन फिरवून झालं. तो एकच आकडा राहिला. मी सूचनांची पुस्तिकाही उघडून बघितली. कुणीतरी माझ्या वतीनं ठरवावं असं मला वाटत होतं. पुस्तिकेत होतं: शक्यतो नोंदवहीतील वजन घ्यावं. बस्स. त्या 'शक्यतो'वर मी अख्खं ओझं टाकलं. पेननं १२.७ लिहिलं आणि पेन्सिलचा आकडा खोडला. नीट खोडला, कागद फाटू न देता. मागच्या वेळी खरं सांगून मी त्या बाईंचं वाटोळं केलं होतं, निदान या वेळी तरी नको, असं मी स्वतःला सांगितलं. पोरीचा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि बाजूला ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी टेबलाशी बोलावलं. फार खुशीत होते. सहावरून शून्य. सगळ्या जिल्ह्यात इतकी सुधारणा कुठंच नव्हती. "तुम्हीच तेव्हा हट्ट धरलात म्हणून हे गाव राहिलं," ते म्हणाले. "आता याची यशोगाथा करू. फोटो आहे का एखादा?"

फोटो होता. लाडू कुरतडणाऱ्या पोरीचा. मी दिला. अहवालात तो छापून आला, खाली दोन वजनं, आठ किलो नऊशे आणि बारा किलो सातशे, आणि मधे वर जाणारा बाण. पुण्याच्या सादरीकरणात पडद्यावर ती भिंतीएवढी मोठी दिसत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पावसाळा सरता सरता बाईंचा फोन आला. नंबर मी कधी दिला होता आठवत नाही, बहुधा पहिल्या खेपेला. त्यांनी आधी माझ्या आईची चौकशी केली. मग म्हणाल्या, "आपली पोर गेली, ताई."

तिला ताप आला, कफ झाला. तिसऱ्या दिवशी आई सोलापूरला घेऊन निघाली, दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. धडधाकट पोरं आठवड्यात उठून खेळायला लागतात अशा दुखण्यानं ती गेली.

"चौकशी आली व्हती," बाई सांगत होत्या. "लहान पोर गेलं की येतातच. वही बगितली. वजन चांगलं व्हतं म्हनले, उपासमारीचा काय संबंध न्हाई. सही करून गेले. मला कायबी झालं न्हाई." मग म्हणाल्या, "तिच्या आयनं इचारलं मला, बाई, वहीत चांगली व्हती तर मेली कशी? काय सांगू तिला?"

मी म्हणाले, "बघते." काय बघणार होते मी?

फोन ठेवून मी कार्यालयाच्या माळ्यावर चढले. भरलेले फॉर्म आमच्याकडं काही वर्षं पोत्यांत ठेवायची पद्धत होती. खाली साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांची गडबड चालली होती, वर धूळ आणि उकाडा. चौथ्या पोत्यात तो फॉर्म सापडला. पान उघडलं. पेननं लिहिलेलं १२.७ टपोरं दिसत होतं. शेजारची जागा कोरी. मी कागद छोट्या खिडकीपाशी नेऊन उन्हात तिरका धरला. पेन्सिल पुसली गेली होती, पण मी त्या दिवशी दाबून लिहिलं असावं. कागदात खाच राहिली होती. १०.७. स्पष्ट वाचता येत होतं.

मरायच्या आधीचं तिचं खरं वजन जगात कुठं नोंदलं गेलं असेल, तर ते एवढ्याच जागेत. मी तिथंच खाली बसले आणि रडले. मग पर्समधून पेन काढलं आणि त्या खाचेवरून सावकाश आकडा गिरवला. कुणाच्याही कामाचं नव्हतं ते आता. बाईंच्या नाही, तिच्या आईच्या नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पोरगी भुकेली होती, मला माहीत होतं. खाली सही केली.

मग फॉर्म परत पोत्यात ठेवून पोत्याचं तोंड बांधलं. तो कुणाला नेऊन द्यायचा, ते मला आजही माहीत नाही.